गावातल्या पोरांसाठी मैदान करायचंय, परदेशातून कसं जमवावं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एकाच गावचे आम्ही नऊ जण बाहेर आहोत. सहा जण आखातात आणि जर्मनीत, भारतीय पासपोर्टवर. तिघं आता अमेरिकेचे नागरिक. गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून साधारण २० गुंठे जागा मोकळी आहे. काळी जमीन, कडेला वेडी बाभूळ. पोरं एकतर रस्त्यावर, नाहीतर मोबाईलवर.
सगळे मिळून १२ लाखांपर्यंत तयारी आहे. एका पुरवठादाराने आराखडा दिलाय: फायबरचा घसरगुंडी-झोपाळा-जाळी असा एकत्र संच, खाली रबरी फरशी, भोवती लॉन, मधे कारंजं. दिवाळीला उद्घाटन करायचं म्हणतोय.
विचारायचं एवढंच, की आराखडा बरा आहे का, पैसे कोणत्या मार्गाने पाठवायचे आणि जागेचं काय करावं लागेल?

उंडगा
कारंजं? औशाला? मालक, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं.

मांजराकाठ
कारंजं काढलं. पुढे बोला.

काळी_चिबड
लॉन पण काढा. आणि रबरी फरशी सगळ्यात आधी काढा.
काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर थेट सिमेंट ओतून रबर चिकटवलंत तर पहिल्याच वर्षी खालचं काँक्रीट तडकेल आणि सांध्यातून रबर उचलायला लागेल. पुरवठादार हमी संचाची देतो, जमिनीची देत नाही.
मैदान म्हणजे आधी माती काढणं. खो-खोचं मैदान धरा: २७ × १६ मीटर, चारी बाजूंनी दीड मीटरची लॉबी, म्हणजे ३० × १९, ५७० चौरस मीटर. तेवढ्या भागातली काळी माती निदान ३० सेंटिमीटर काढायची, जमलं तर ४५. ती टाकायची कुठे याची काळजी नको, गावात दवंडी द्या, लोक स्वतःचे ट्रॅक्टर लावून शेतात नेतील. उपशाचा खर्च तेवढा कमी.
३० सेंटिमीटर भरायचं तर दाबलेला मुरूम १७१ घनमीटर, म्हणजे ६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून मागवताना ७५ ब्रास धरा. एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे चार बोटं दाबले जातात आणि खालचं पोकळ राहतं. १५ सेंटिमीटरचा एक थर, पाणी, वाफसा आला की रोलर, मग दुसरा थर. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये, तो वाफसा. ओलं असताना रोलर घातला तर मुरूम त्यालाच चिकटून वर येतो.
उतार मधून दोन्ही बाजूंना १०० ला १. १९ मीटर रुंदीला मध्यरेषा कडेपेक्षा साडेनऊ सेंटिमीटर उंच येते. कडेने चर काढा आणि त्या चराला बाहेर वाट द्या. नुसता चर काढला की त्याचा हौद होतो.

रुमणं
मुरमाची रॉयल्टी, म्हणजे सरकारला भरायचं शुल्क, विसरू नका. तहसीलची पावती नसेल तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो, आणि गाडी अडकते ती वेगळी. "गावच्या कामाला कोण विचारतंय" असं म्हणणारेच फोन करतात तहसीलला.
दुसरं, तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणून कुणी मैदानात आणून टाकू नका. गाळ शेतासाठी चांगला, मैदानावर एका पावसात राडा.

मांजराकाठ
म्हणजे दिवाळीला उद्घाटन होणार नाही?

काळी_चिबड
एप्रिल-मे मध्ये उपसा आणि भराव. पावसाळाभर बसू द्या. जिथे दबेल तिथे दिवाळीनंतर भर, आणि मग चाळलेल्या बारीक मुरमाचा दोन बोटं थर. घाई केलीत तर आषाढात मधोमध तळं होईल.

पाटी_पेन्सिल
जागा नेमकी कोणाच्या नावावर आहे? "शाळेला लागून मोकळी" म्हणजे तीन प्रकार असतात. शाळेची असेल तर सोपं: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकाचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्याची परवानगी. ठरावात "शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत गावातली सर्व मुलं वापरतील, फाटकाची किल्ली अमुक दोघांकडे" हे शब्द घाला. नाहीतर मुख्याध्यापक बदलले की कुलूप लागतं.
गावठाणातली ग्रामपंचायतीची जागा असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या, नुसता मासिक सभेचा नको.
आणि गायरान असेल तर थांबा. गायरान सरकारचं असतं, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय त्यावर खांबसुद्धा रोवू नका. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनींबाबत सगळे कडक झालेत. सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा, मग बोला.

खोपटं
औसा, निलंगा, उमरग्याकडे आणखी एक गंमत आहे. १९९३ च्या भूकंपानंतर जी ५२ गावं पूर्ण हलवली, त्यांच्या नकाशात मोकळ्या जागा आखलेल्याच आहेत. आता तिथं वेडी बाभूळ नाहीतर कडब्याच्या गंजी. तुमचं गाव त्यातलं असेल तर पुनर्वसनाचा मंजूर नकाशा काढा, नवी जागा शोधायची गरजच पडायची नाही.

हिशेबनीस
पैशांबद्दल. इथे चूक झाली तर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भोगावी लागते, म्हणून सविस्तर लिहितो.
तुमच्यातले सहा जण भारतीय नागरिक आहेत. त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेच्या मार्गाने दिलेला पैसा विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरला जात नाही. गावातल्या नोंदणीकृत संस्थेला ते थेट देऊ शकतात. पासपोर्टची प्रत आणि देणगीचं पत्र संस्थेच्या फाईलला लावा.
उरलेले तिघं अमेरिकेचे नागरिक. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी कायद्याच्या नजरेत ते विदेशी स्रोत. त्यांचा एक रुपयाही एफसीआरए (विदेशी अंशदानाचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि त्या काळात कामावर निदान १५ लाख खर्च झालेला लागतो. नवी संस्था असेल तर पूर्वपरवानगी: ठरावीक दात्याकडून, ठरावीक रक्कम, ठरावीक कामासाठी. खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने घेऊन दुसरीला द्यायची सोयही गेली.

उंडगा
मग त्या तिघांनी साहित्य विकत घेऊन द्यावं की. पैसे नाहीच द्यायचे.

हिशेबनीस
वस्तूही अंशदानातच मोजतात. आणि "त्यांचे पैसे माझ्या खात्यात टाकतो, मी देतो" हा सल्ला इथे कुणीतरी देणारच आहे म्हणून आधीच सांगतो: तो करू नका.

मांजराकाठ
तोच लिहायला आलो होतो. :) मग त्या तिघांनी काय करावं?

हिशेबनीस
वेळ द्यावा. आराखडा, हिशेबाचा तक्ता, सुट्टीत आले की मुलांना शिकवणं. तुमचे सहा जण १२ लाख पेलत नसतील तर काम लहान करा. लहान काम वाईट नसतं.

वेल्डिंगवाला
फायबरच्या संचाबद्दल कोणीच बोलंना, म्हणून मी. आपल्याकडचं ऊन चार वर्षांत फायबरचा वरचा लेप खातं. मग आतले काचेचे धागे उघडे पडतात आणि पोरांच्या मांड्यांत कुसळं शिरतात. पत्र्याची घसरगुंडी चैत्रात तव्यासारखी तापते.
त्यापेक्षा मुरमाची टेकडी करा, दीड मीटर उंच, थर देऊन दाबलेली, आणि तिच्या उतारावर मोझॅकची घोटीव घसरण बसवा. पोरगं वरून पडलं तरी टेकडीवरच पडतं, उंचीवरून पडायचा प्रश्नच मिटला. दीड मीटर उंचीला घसरण अडीच ते पावणेतीन मीटर लांब ठेवा, त्याहून आखूड केली तर पोरं तोंडावर येतात. शेवटी हातभर सपाट भाग सोडा. तोंड पश्चिमेला नको, पोरं यायच्या वेळेलाच ऊन त्यावर असतं.
झोपाळ्याला दोन इंची जीआय (जस्त चढवलेला) पाईप, सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याचा. दुकानदार बी क्लास देऊन सी चं बिल लावतो, वजन करून घ्या. आडव्या पाईपची उंची २ मीटर, त्याहून जास्त नको. पुढं ४ मीटर, मागं ४ मीटर मोकळं. म्हणून झोपाळा कोपऱ्यात घ्या, येण्या-जाण्याच्या वाटेवर नको. हुकात हुक अडकवू नका, दोन वर्षांत झिजून तुटतात. बेअरिंग बसवा आणि वर्षातून दोनदा ग्रीस. साखळी गॅल्व्हनाइज्ड, हात येतो तिथं रबरी नळी चढवा, बोटं चिमटत नाहीत.
बसायला लाकडी फळी अजिबात नको, रिकामी फळी मागून येऊन डोक्यात बसते. साखर कारखान्याच्या भंगारात जुना कन्व्हेअर बेल्ट मिळतो. दोन फूट तुकडा, दोन्ही टोकांना पट्टी आणि नटबोल्ट. लागला तरी टेंगूळसुद्धा येत नाही.

काळी_चिबड
खांबांच्या पायाबद्दल भर. काळ्या मातीत सरळ खड्डा करून काँक्रीट भरलं की माती त्याला कडेने धरून दरवर्षी वर उचलते. दोन पावसाळ्यात झोपाळा डुलायला लागतो. खड्डा मीटर-सव्वा मीटर खोल, तळाला रुंद आणि वर अरुंद घ्या. काँक्रीट तळाच्या रुंद भागात, वरच्या भागात खांबाभोवती वाळू किंवा मुरूम.

जवारीची_भाकर
झोपाळ्याखाली काय? वाळू म्हणाल तर सध्या वाळूपेक्षा सोनं घेतलेलं बरं.

वेल्डिंगवाला
नदीची वाळूच, एक फूट थर. फक्त झोपाळ्याखाली आणि चढायच्या जाळीखाली लागते, सगळीकडे नाही. क्रशरची वाळू घेऊ नका, तिच्यात भुकटी असते, पाणी पडलं की फरशीसारखी घट्ट होते. नदीची वाळूसुद्धा पंधरा दिवसांतून एकदा फावड्यानं उकरावी लागते. आणि रात्री कुत्री, मांजरी घाण करतात, ते रोज सकाळी कुणीतरी बघावं लागतं.

तिफण
"कुणीतरी बघावं लागतं." इथंच सगळी मैदानं मरतात.
तुमचा सगळा पैसा बांधकामात जायला लागलाय. १२ लाखांतले बांधकामाला ७ ठेवा. उरलेले ५ मुदत ठेवीत टाका, साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेबत्तीस हजार, महिन्याला २,७०० रुपये. त्यात गावातल्याच एका पोराला किंवा पोरीला रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर उभं करता येतं. फाटक उघडणं, फक्की मारणं, पाणी भरून ठेवणं, भांडणं सोडवणं. कमी वाटत असेल तर सहा जणांनी महिन्याला थोडे थोडे घाला. मैदान पाच वर्षांनी चालू आहे की नाही ते या माणसावर ठरतं, घसरगुंडीवर नाही.
आणि सोयाबीनचा विचार केलाय का? ऑक्टोबरात तुमचं गुळगुळीत मैदान बघून अख्खा गाव सोयाबीन वाळवायला आणंल. मळणी यंत्र फिरलं की उतार गेला. भांडून उपयोग नाही, पोटाचा प्रश्न आहे. २० गुंठ्यांतली एक बाजू, ५-६ गुंठे, वाळवणाला आणि लग्नाच्या मांडवाला सोडा आणि ती फाटकाबाहेर ठेवा. ठरावात लिहून घ्या.

उंडगा
आणि गाड्या. लग्नात पार्किंग तिथंच होणार.

तिफण
म्हणून फाटक मोठं करू नका. माणूस आडवा वळून जाईल असं नागमोडी फाटक. सायकल जाते ओढूनताणून, म्हैस आणि बोलेरो जात नाही. रोलरसाठी एका बाजूला जाळीचा निघणारा तुकडा ठेवा, बोल्टचा.

लंगडी
खेळांबद्दल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त पोरं खेळवणारा खेळ खो-खो. दोन खांब, बाकी काही नाही. धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या कर्णधार झाल्या, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तो मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही संघांनी जिंकला. आपल्या भागातल्या पोरींना सारिकाचं नाव माहीत असतं, खेळ समजावून सांगावा लागत नाही.
खांब लाकडी, १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, ९ ते १० सेंटिमीटर जाड, गुळगुळीत घासलेले. लोखंडी पाईप लावू नका, वळताना हात आणि हनुवटी दोन्ही जातात.
शेजारी कबड्डीला लहान मुलांचं ११ × ८ मीटर. तिथला मुरूम वरून मोकळा करून माती भुसभुशीत ठेवा. कडक मैदानावर कबड्डी म्हणजे गुडघे सोलून घेणं. मुलांना बास्केटबॉल हवाच असेल तर कडी २.६० मीटरवर लावा. दहा फुटांवर लावली की लहान पोरं दोन दिवसांत सोडून देतात.

जवारीची_भाकर
खो-खोचे खांब काढता येतील असे करा. खाली पाईपची खोबणी, वर झाकण.

लंगडी
अजिबात नको. खोबणीत पहिल्या आठवड्यात खडे जातात आणि खांब बसत नाही. शिवाय पक्के खांब मैदानाच्या मध्यरेषेवर असले की मोठ्या पोरांना तिथे क्रिकेटची खेळपट्टी करता येत नाही. हा खांबाचा खरा फायदा. :)

जवारीची_भाकर
आणि अंधारात कोणी मोटारसायकल घातली तर?

तिफण
नागमोडी फाटक. वर वाचा.

सागरगोटे
मुलींबद्दल एक ओळ आली, तीही पुरस्काराची. सहावी-सातवीनंतर मुली मैदानावर येणं बंद होतं, त्याची कारणं बांधकामात आहेत. रस्त्यावरून सगळं दिसणारं मैदान असलं तर पानटपरीवरची पोरं कुंपणाला टेकून बसतात, आणि पूर्ण झाकलेलं असलं तर आया पाठवत नाहीत. कुंपण जाळीचंच ठेवा, पण खो-खोचं मैदान रस्त्यापासून लांबच्या बाजूला आणि घरांच्या बाजूला घ्या. शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह संध्याकाळी उघडं हवं, त्याची किल्लीही ठरावात. आठवड्यातले तीन दिवस खो-खो मैदान फक्त मुलींचं, वेळ ५ ते ६. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतातच कायद्याने, त्यांनाच वेळ ठरवू द्या. आणि तिफण म्हणतात तो माणूस शक्यतो बाई असावी.

तिफण
पटलं. बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी एखादी पोरगी प्रत्येक गावात आहे. तिलाही पळायला मैदान मिळतं.

उंडगा
टायरचं काय? फुकट मिळतात. रंगवून अर्धे गाडले की मस्त दिसतात.

वेल्डिंगवाला
रेडियल टायर घेऊ नका, झिजला की आतली तार बाहेर येते. ट्रॅक्टरचे जुने नायलॉनचे चालतात.

रुमणं
टायर नकोच. पावसात आत पाणी साठतं आणि आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार. आत विंचू बसतात ते वेगळंच.

वेल्डिंगवाला
तळाच्या बाजूला अर्ध्या इंचाची चार भोकं पाडा आणि आत मुरूम भरा. पाणीही नाही, विंचवाला जागाही नाही. उन्हात तापू नये म्हणून पांढरा नाहीतर पिवळा रंग.

रुमणं
भोकं बुजतात. तरी तुमचं मैदान.

जवारीची_भाकर
सावलीसाठी हिरवी जाळी लावावी का?

खोपटं
वळवाच्या पहिल्या वाऱ्यात ती पार पुढच्या शिवारात सापडते. कडुनिंब, करंज, पश्चिमेच्या कडेने वड. पहिले तीन उन्हाळे जगवायचे तर मुळाशी मडकं पुरा, तळाला बारीक भोक आणि त्यात वात, आठवड्यातून दोनदा भरायचं. कण्हेर लावू नका, गुरं खात नाहीत म्हणून सगळे कुंपणाला लावतात, पण ती विषारी आहे आणि लहान पोरं पानं-फुलं तोंडात घालतात. गुलमोहराच्या फांद्या मोडतात. वेडी बाभूळ नुसती तोडू नका, जेसीबीने मुळासकट काढा, नाहीतर फुटवे पुन्हा येतात.

पाटी_पेन्सिल
मैदानाची धूळ दाबायला एका वेळी चौरस मीटरला दोन लिटर पाणी धरलं तर ५७० चौरस मीटरला साधारण साडेअकराशे लिटर होतं. मार्चनंतर ते शक्य नाही. हापशाचं सांडपाणी टाकीत साठवा आणि फक्त खो-खोच्या मधल्या पट्ट्यावर मारा. रेषांना चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो. खडूची भुकटी किंवा रांगोळी.

रुमणं
बीडकडच्या कुणी हा धागा वाचत असेल तर: दिवाळीनंतर तुमच्या गावातली बरीच पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलपर्यंत. त्यांचं बालपण कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत, जातं. तिथं मैदान बांधता येत नाही, पण एक पत्र्याची पेटी जाते: दोन रबरी चेंडू, लगोरीच्या सात लाकडी चकत्या, २० फूट सुती दोर, दोन भोवरे, चार खडू. पेटी मुकादमाकडे नको, शिकवायला येणाऱ्या माणसाकडे द्या.

लंगडी
लगोरीच्या चकत्या लाकडीच का, तेही सांगा. दगड रचून ठेवले की त्याखाली विंचू.

मांजराकाठ
दोन आठवड्यांनी येतोय. सातबारा काढला. जागा शाळेचीच आहे, गायरान नाही. नवा आराखडा असा: फायबरचा संच, फरशी, लॉन सगळं रद्द. खो-खो, छोटी कबड्डी, टेकडीची घसरगुंडी, दोन झोपाळे, १४ झाडं. उत्तरेची ६ गुंठे वाळवणाला. पैसे फक्त आम्ही सहा जण देणार, तिघांतली एक स्थापत्य अभियंता आहे, ती उतारांचं बघेल. उद्घाटन नाही. फलकावर आमची नावं घालावीत का, यावर मात्र दोघांचं भांडण चालू आहे.

सागरगोटे
फलकावर वेळापत्रक घाला. मुलींचे वार मोठ्या अक्षरात.

काळी_चिबड
मुरूम मागवायच्या आधी एक काम करा. जागेच्या मधोमध चार फूट खड्डा घ्या. काळी माती किती खोल आहे आणि खाली मुरूम लागतो का ते दिसेल. अर्ध्या फुटावरच मुरूम लागला तर तुमचा निम्मा भराव वाचला. शेजारी पट्टी धरून फोटो टाका.

मांजराकाठ
रविवारी भाऊ खणतोय. फोटो टाकतो.

उंडगा
फोटो काढून झाला की खड्डा बुजवायला सांगा. नाहीतर मैदानातला पहिला खेळाडू त्यातच सापडायचा.